एफपीजीएमध्ये दुतर्फा स्विच आणि तीन मूल्यांचे लॉजिक: पायरीपायरीने

एफपीजीए म्हणजे आतले लॉजिक आपण हवे तसे बांधू शकतो अशी चिप. तिचे डिझाइन लिहिण्याच्या व्हेरिलॉग या भाषेत ‘ट्रान’ आणि ‘ट्रानइफ१’ हे दुतर्फा स्विचचे घटक तयार मिळतात. दोन तारा जोडल्या की सिम्युलेटरमध्ये सिग्नल दोन्ही दिशांनी बिनबोभाट जातो. तोच कोड सिंथेसिसला (कोडपासून चिपचे प्रत्यक्ष लॉजिक बनवण्याच्या पायरीला) दिला की टूल तो नाकारते. नवशिके इथे अडतात आणि टूल बदलून पाहतात. पण दोष टूलचा नाही. एफपीजीएच्या लॉजिकमध्ये, डिझाइन चालू असताना उघड-बंद करता येईल असा दुतर्फा स्विच नसतोच. रूटिंगचे जोड कॉन्फिगरेशनच्या वेळी ठरतात आणि मग तसेच राहतात.

जुन्या चिप्समध्ये निदान आतल्या तारांवर ट्रायस्टेट बफर (०, १ किंवा ‘झेड’, म्हणजे तार सोडून दिलेली, अशा तीन अवस्थांचे) असायचे. झायलिंक्सच्या एक्ससी४००० मालिकेत आणि सुरुवातीच्या व्हर्टेक्स चिप्समध्ये ते होते. स्पार्टन-३ आणि व्हर्टेक्स-४ पासून ते गेले. आज ‘झेड’ ही अवस्था खरोखर मिळते ती फक्त पिनेवर. आतल्या तारेवर ‘झेड’ लिहिला तर टूल बहुधा त्याचा मल्टिप्लेक्सर (अनेकांतून एक सिग्नल निवडणारे लॉजिक) करून टाकते आणि वॉर्निंगमध्ये एक ओळ लिहून मोकळे होते. ती ओळ वाचत चला.

या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच विचार आहे. दुतर्फा तार एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरे देते: तारेला कोण ओढते आहे, आणि तारेवर काय दिसते आहे. एफपीजीएमध्ये हे दोन प्रश्न वेगळ्या सिग्नलांवर न्यावे लागतात. ते वेगळे झाले की काम सोपे होते. वेगळे करता येत नसतील, तर स्टेट मशीन, म्हणजे आपण कोणत्या अवस्थेत आहोत ते लक्षात ठेवणारे लॉजिक, लागते.

काय काय लागेल

खालचे आकडे टँग नॅनो ९के या स्वस्त बोर्डासाठी धरले आहेत. त्यावर गोविनची चिप आहे, चार इनपुटची ८६४० लुकअप टेबल आहेत (लॉजिक ज्यांत बसते ती छोटी कोष्टके, पुढे एलयूटी म्हणू) आणि २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे, म्हणजे एक ठोका सुमारे ३७ नॅनोसेकंदांचा. दुसरा कोणताही बोर्ड चालेल, ठोक्यांचे आकडे तेवढे बदलून घ्या.

शिवाय २.२ किलोओहमचे चार रेझिस्टर पुलअपसाठी (कोणी ओढत नसताना तार हायकडे नेणारे), १०० आणि ३३० ओहमचे चार-चार, ४.७ किलोओहमचे दोन, १० किलोओहमचे सहा-सात, एक एलएम३९३ कम्पॅरेटर, ब्रेडबोर्ड आणि एखादा स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळे सुटे मिळते. सिम्युलेशनसाठी इकारस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह पुरे. व्हेरिलेटर फार वेगवान आहे, पण तो मुळात दोन मूल्यांवर चालतो. इथे ‘एक्स’ (मूल्य अनिश्चित) आणि ‘झेड’ डोळ्यांनी पाहायचे आहेत, म्हणून त्याला या कामातून वगळा.

जोडण्याआधी बोर्डाचा सर्किट नकाशा उघडून बँकांचे व्होल्टेज पाहा. याच बोर्डावरच्या काही पिना १.८ व्होल्टच्या बँकेवर आहेत. तिथे ३.३ व्होल्टचा पुलअप लावू नका. आणि आजच्या एफपीजीएच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. समोरचे उपकरण ५ व्होल्टचे असेल तर मध्ये बीएसएस१३८ मॉसफेटचा लेव्हल शिफ्टर हवाच.

पायरी १: एक पिन नीट दुतर्फा करा

पिनेसाठी टॉप मॉड्यूलमध्ये ‘इनआउट’ पोर्ट घ्या आणि चिपचा दुतर्फा बफर स्वतः हाताने बसवा. ‘असाइन पिन = ओढ ? ० : झेड’ एवढी ओळ लिहिली तरी बहुतेक टूल बफर ओळखतात. पण हाताने बसवला की नेमके काय घडते ते दिसते. बफरला चार टोके असतात: बाहेर पाठवायचे मूल्य, आउटपुट चालू-बंद, आत आलेले मूल्य आणि खुद्द पिन.

चुका इथे होतात त्या चालू-बंदच्या उलटसुलट अर्थामुळे. झायलिंक्सच्या आयओबफमध्ये ‘टी’ हे टोक १ केले की आउटपुट बंद होते. लॅटिसच्या ईसीपी५ मधल्या ‘बीबी’ बफरचे ‘टी’ आणि गोविनचे ‘ओईएन’ यांचेही तसेच. इंटेलच्या ऑल्ट_आयओबफमधले ‘ओई’ आणि आइस४० च्या एसबी_आयओमधले ‘आउटपुट_एनेबल’ मात्र १ वर चालू होतात. एका चिपचा कोड दुसरीवर नेला आणि पिन कायम लो राहिली, की सर्वांत आधी हे तपासा.

आयटूसी ही चिपांना दोन तारांवर जोडणारी बस आहे. तिच्यासारख्या ओपन-ड्रेन तारेसाठी, म्हणजे जिला उपकरणे फक्त खाली ओढतात किंवा सोडतात अशा तारेसाठी, ‘बाहेर पाठवायचे मूल्य’ कायम ० ठेवा आणि फक्त चालू-बंद हलवा. पिन मग कधीच हाय ड्राइव्ह करत नाही. ओढते किंवा सोडते, एवढेच. आउटपुट चालू-बंदचा सिग्नल थेट फ्लिपफ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्यावर एक बिट साठवणाऱ्या घटकातून) काढा. तो कॉम्बिनेशनल (काहीही न साठवणाऱ्या) लॉजिकमधून आला तर बदलाच्या क्षणी काही नॅनोसेकंदांचे खोटे ठोके तारेवर पडू शकतात.

आतला पुलअप आयटूसीला पुरत नाही, फार कमकुवत असतो. बाहेरून २.२ किलोओहम लावा. का, ते मोजून पाहा. तारेची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर २.२ किलोओहमवर तार शून्यापासून ७० टक्क्यांपर्यंत चढायला १.२ गुणिले आरसी, म्हणजे सुमारे २६५ नॅनोसेकंद लागतात. ४.७ किलोओहमवर हेच ५६५ होतात. खालच्या बाजूची मर्यादाही आहे: उपकरणाने ०.४ व्होल्टवर ३ मिलिअँपिअर ओढायचे, म्हणून ३.३ व्होल्टला पुलअप साधारण ९७० ओहमच्या खाली नेऊ नये.

पहिल्या प्रयोगात पिनेशी सलग ३३० ओहम लावा. चुकून दोघांनी एकमेकांविरुद्ध ड्राइव्ह केले तरी प्रवाह १० मिलिअँपिअरवर थांबतो. मात्र २.२ किलोओहमच्या पुलअपसमोर त्या ३३० ओहममुळे लो पातळी ०.४३ व्होल्टपर्यंत उचलली जाते. चालते, पण काठावर. सगळे जमल्यावर १०० ओहम लावा, मग ती ०.१४ व्होल्टच्या आसपास येते.

एक नेहमीची गैरसमजूत: ‘जर पिन बरोबर झेड असेल तर’ अशी अट लिहिणे. सिम्युलेटरमध्ये तीन बरोबर-चिन्हांची तुलना झेड ओळखते. हार्डवेअरमध्ये झेड ओळखणारे काहीच नसते. इनपुट बफर ० किंवा १ एवढेच सांगतो. मोकळी पिन कशी ओळखायची ते शेवटच्या पायरीत आहे.

पायरी २: आतला दुतर्फा स्विच

दोन्ही टोके आपल्याच डिझाइनमध्ये असतील तर काम अगदी स्वच्छ होते. प्रत्येक टोकासाठी ‘स्थानिक ओढ’ वेगळी ठेवा, म्हणजे स्विच सोडून त्या टोकावरचे इतर सगळे मिळून तार खाली ओढत आहेत का. मग:

अ_कडे_येणारी = चालू आणि ब_स्थानिक
ब_कडे_येणारी = चालू आणि अ_स्थानिक
अ_दिसते = नाही (अ_स्थानिक किंवा अ_कडे_येणारी)
ब_दिसते = नाही (ब_स्थानिक किंवा ब_कडे_येणारी)

पहिल्या दोन ओळींत ‘दिसते’ वापरायचे नाही, ‘स्थानिक’च वापरायचे. ‘अ_दिसते’ ब कडे पाठवले तर अ ची ओढ ब वर जाते, तिथून परत अ वर येते आणि अ ने सोडल्यावरही दोघे एकमेकांना धरून बसतात. टूल ‘कॉम्बिनेशनल लूप’ची वॉर्निंग देते, ती हीच.

स्विचांची साखळी असेल तर डावीकडून उजवीकडे जाणारी एक ओळ आणि उजवीकडून डावीकडे येणारी दुसरी ओळ, अशा दोन स्वतंत्र ओळी करा. उजवीकडे जाणाऱ्या ओळीत प्रत्येक स्विचवर ‘स्विच चालू आणि (या बिंदूची स्थानिक ओढ किंवा डावीकडून आलेली)’ एवढेच असते. डावी ओळ याच्या नेमकी उलट. बिंदूवर दिसते ते स्थानिक, डावीकडून आलेले आणि उजवीकडून आलेले यांच्या ‘किंवा’चे ‘नाही’. दोन्ही ओळी एकमेकींत कुठेच मिसळत नाहीत, म्हणून लूप होत नाही.

स्विचांनी कडे किंवा जाळी तयार होत असेल तर ही युक्ती पुरत नाही. तिथे क्लॉकवर फेऱ्या माराव्या लागतात: सगळ्या बिंदूंची मूल्ये आधी पुसा, मग प्रत्येक ठोक्याला शेजाऱ्याची ओढ एक पाऊल पुढे न्या. एन बिंदू असतील तर जास्तीत जास्त एन वजा १ ठोक्यांत चित्र स्थिर होते. पुसणे टाळू नका. मूळ ओढणारा गेला तरी त्याची ओढ कड्यात फिरतच राहते आणि बिंदू मोकळे होत नाहीत.

पायरी ३: दोन पिनांमधला स्विच

खरी मेहनत इथे आहे. दोन आयटूसी तारा एफपीजीएच्या दोन पिनांना जोडल्या आहेत, बाजू अ ला मास्टर (व्यवहार चालवणारा), बाजू ब ला स्लेव्ह (त्याला उत्तर देणारा), आणि मध्ये एफपीजीएने स्विच व्हायचे आहे. पिनेवर आपल्याला ‘दिसते’ तेवढेच मिळते, ‘कोण ओढते’ ते मिळत नाही. ब लो आहे म्हणून आपण अ ओढली, तर पुढच्या क्षणी अ लो दिसते ती आपल्यामुळे की मास्टरमुळे, हे पिन सांगत नाही. भोळेपणाने दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या की पहिल्याच लो नंतर दोन्ही तारा कायमच्या खाली अडकतात.

पीसीए९५१७ सारखी आयटूसी रिपीटर चिप हा प्रश्न अ‍ॅनलॉग पद्धतीने सोडवते. एका बाजूला ती स्वतः ओढते तेव्हा तार साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंतच खाली नेते, आणि समोरच्याची ओढ मानते ती तार त्याहूनही खाली गेली तरच. ‘माझा लो’ आणि ‘त्याचा लो’ अशी दोन वेगळी मूल्ये एकाच तारेवर राहतात. एफपीजीएच्या साध्या पिनेला असे दोन लो वेगळे दिसत नाहीत. म्हणून आपण वेळेचा आधार घेतो: आधी कोणी ओढले ते लक्षात ठेवायचे.

प्रत्येक तारेसाठी पाच अवस्थांचे स्टेट मशीन करा.

मोकळी: दोन्ही पिना सोडलेल्या. अ लो दिसली तर ‘अ कडून ब कडे’, ब लो दिसली तर ‘ब कडून अ कडे’. एकाच ठोक्याला दोन्ही दिसल्या तर अ ला मान द्या.

अ कडून ब कडे: ब ओढून धरा, ब वर काय दिसते तिकडे बघू नका. अ हाय झाली की ‘थांबा-अ’.

थांबा-अ: दोन्ही सोडा आणि ठरलेले ठोके मोजा. मधल्या काळात ब अजून चढत असते, तिच्यावर विश्वास नाही. अ मात्र आपण ओढलेली नव्हती, म्हणून ती पुन्हा लो झाली तर लगेच मागच्या अवस्थेत जा. मोजणी संपल्यावर ब अजूनही लो असेल तर तिला स्लेव्ह ओढतो आहे हे नक्की, ‘ब कडून अ कडे’ जा. नसेल तर ‘मोकळी’.

उरलेल्या दोन अवस्था याच्याच आरशातल्या प्रती.

आता आकडे. इनपुटवर आधी दोन फ्लिपफ्लॉप लावा, नाहीतर क्लॉकशी न जुळलेली कड स्टेट मशीनचे बिट वेगवेगळ्या दिशेने ढकलते. त्यानंतर गाळणी: एससीएल या आयटूसीच्या क्लॉक-तारेसाठी सलग तीन नमुने सारखे आले तरच बदल माना. पुलअपवरची कड हळू चढते आणि उंबरठ्याजवळ गोंगाटामुळे दोन-चारदा वरखाली वाजते. गाळणी नसेल तर स्टेट मशीन प्रत्येक वाजण्याला दाद देते. दोन अधिक तीन, असे पाच ठोके, साधारण १८५ नॅनोसेकंद.

एसडीए या डेटाच्या तारेसाठी मात्र पाच नमुने घ्या, म्हणजे सात ठोके. हा फरक मुद्दाम ठेवायचा आहे. मास्टर एससीएल खाली आणल्यावर लगेच एसडीए बदलू शकतो. एफपीजीएमध्ये एससीएल उशिरा पोचली आणि एसडीए आधी, तर ब बाजूला एससीएल अजून हाय असताना एसडीए खाली जाते. स्लेव्हच्या दृष्टीने ती स्टार्टची, म्हणजे नवा व्यवहार सुरू होण्याची, खूण. व्यवहार मधेच तुटतो, आणि अ बाजूला अ‍ॅनलायझर लावला तर सगळे बरोबर दिसते. म्हणून अ‍ॅनलायझरच्या दोन वाहिन्या नेहमी ब बाजूला लावा.

‘थांबा’ची मोजणी: १०० किलोहर्ट्झच्या आयटूसीत तार चढायला जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद मान्य आहेत, म्हणजे २७ ठोके. त्यात एसडीएच्या गाळणीचे ७ मिळवले की ३४. थोडी सूट ठेवून ३६ घ्या, १.३३ मायक्रोसेकंद. या वेगाला एससीएल निदान ४.७ मायक्रोसेकंद लो असते, त्यामुळे एसडीएची अदलाबदल त्या अवधीत आरामात उरकते. मोजणी कमी ठेवली तर चढणारी तार ‘कोणी ओढलेली’ समजली जाते आणि दोन्ही बाजू आळीपाळीने एकमेकींना ओढत बसतात. स्कोपवर दातेरी लाट दिसली तर कारण हेच. आधी मोजणी वाढवा, मग पुलअपचे ओहम कमी करा.

आठव्या बिटनंतर एसीके (स्लेव्हची पोच) येताना या मशीनमुळे अ वर एक उंचवटा दिसतो: मास्टर सोडतो, तार सव्वा-दीड मायक्रोसेकंद वर जाते, मग स्लेव्हच्या वतीने आपण ती खाली आणतो. एससीएल तेव्हा लो असते, म्हणून एसडीएवर हा उंचवटा निरुपद्रवी आहे.

एससीएलवर तो निरुपद्रवी नाही. स्लेव्ह क्लॉक धरून ठेवत असेल, म्हणजे क्लॉक स्ट्रेचिंग करत असेल, तर मास्टरने सोडल्यावर अ बाजूची एससीएल क्षणभर हाय होते आणि मास्टर ती खरी कड मानतो. स्टेट मशीन कितीही चतुर केले तरी तो क्षण शून्य करता येत नाही, कारण मास्टरने सोडल्यानंतरच आपल्याला ते कळते. तेव्हा एकच मास्टर आणि स्ट्रेचिंग न करणारे स्लेव्ह असतील तर एससीएल सरळ एकतर्फी ठेवा. स्ट्रेचिंग हवेच असेल तर एससीएल एफपीजीएमधून नेऊ नका. टीसीए९५४८ए सारखा खरा आयटूसी स्विच लावा आणि एफपीजीएकडे फक्त त्याचे नियंत्रण द्या.

एक सुरक्षा-काउंटर जोडा: कोणतीही पिन आपण २० बिटांच्या काउंटरभर, म्हणजे सुमारे ३८.८ मिलिसेकंद, सलग ओढून धरली तर ती सोडा आणि एलईडी पेटवा. आयटूसीच्या धर्तीवरच्या एसएमबस या बसची कालमर्यादा २५ ते ३५ मिलिसेकंदांची आहे, त्याहून लांब लो कामकाजाचा नसतो.

सिम्युलेशनमध्ये एक सापळा आहे. व्हेरिलॉगचा ‘पुलअप’ तार एका क्षणात वर नेतो, त्यामुळे ‘थांबा’ची मोजणी १ ठेवली तरी सगळे पास होते आणि बोर्डावर नापास. टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनच्या चाचणी-कोडमध्ये) चढत्या कडेला १ मायक्रोसेकंद उशीर द्या, उतरत्या कडेला शून्य. मग या चार गोष्टी तपासा: फक्त अ ओढते, फक्त ब ओढते, दोघे ओढतात आणि अ आधी सोडते, दोघे ओढतात आणि ब आधी सोडते. शेवटच्या दोन्हींत कोणतीही तार कायमची लो राहता कामा नये.

अ‍ॅनलॉग सिग्नल किंवा वेगवान पुश-पुल (हाय आणि लो दोन्ही जोराने ड्राइव्ह करणारी) बस असेल तर या वाटेला जाऊच नका. अ‍ॅनलॉगला ७४एचसी४०६६, डिजिटल बसला ७४सीबीटीएलव्ही३१२५ लावा. त्यातला स्विच सुमारे ५ ओहमचा खरा दुतर्फा रस्ता आहे, एफपीजीएने फक्त त्याची चालू-बंदची पिन हलवायची. दिशेचा सिग्नल आधीच असलेल्या बसला ७४एलव्हीसी२४५ पुरे, फक्त दिशा बदलताना निदान एक ठोका दोन्हीकडचे आउटपुट बंद ठेवा.

पायरी ४: जोर आणि कमजोरी

व्हेरिलॉगसारख्याच व्हीएचडीएल या भाषेच्या स्टँडर्ड लॉजिकमध्ये नऊ मूल्ये आहेत, आयईईई ११६४ या प्रमाणानुसार. त्यांतली ‘यू’ आणि आडवी रेघ ही सिम्युलेशन आणि सिंथेसिसच्या सोयीसाठी. उरलेली सात हार्डवेअरमध्ये उतरवायची असतील, उदाहरणार्थ पुलअप असलेल्या जुन्या एनमॉस चिपची नक्कल करायची असेल, तर प्रत्येक बिंदूला चार बिट द्या: जोरदार ०, जोरदार १, कमकुवत ०, कमकुवत १. एका बिंदूवर कितीही जण असोत, प्रत्येक बिटाचे ‘किंवा’ घ्यायचे. मग निकाल: जोरदार असेल तर तोच, दोन्ही जोरदार असतील तर एक्स, जोरदार नसेल तर कमकुवत (दोन्ही असतील तर डब्ल्यू, म्हणजे कमकुवत अनिश्चित), काहीच नसेल तर झेड. चारही बिट ‘किंवा’नेच मिसळतात, म्हणून पायरी २ मधली डावी-उजवी ओळ इथे जशीच्या तशी चालते, फक्त एका तारेऐवजी चार. ‘एक्स’ला बोर्डावर एखाद्या लॅचमध्ये पकडून ठेवा. दोन ड्राइव्हर भिडल्याचा तोच एकमेव पुरावा असतो.

पायरी ५: तीन मूल्यांचे अंकगणित

वजा १, शून्य आणि अधिक १ असे तीन अंक घेतले की संतुलित त्रयी पद्धत मिळते. एका अंकाला ट्रिट म्हणतात. मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांच्या गटाने बांधलेला ‘सेतुन’ हा संगणक याच पद्धतीवर, १८ ट्रिटच्या शब्दांवर चालत असे. ऋण संख्येसाठी वेगळे चिन्ह लागत नाही, हा तिचा सुंदर गुण.

एफपीजीएमध्ये एक ट्रिट दोन बिटांत ठेवा: शून्य म्हणजे ००, अधिक म्हणजे ०१, वजा म्हणजे १०. ११ निषिद्ध. या मांडणीचे दोन फायदे आहेत. फ्लिपफ्लॉप शून्यावर जागे झाले की ट्रिटही शून्य असतो. आणि संख्येचे चिन्ह उलटायचे असेल तर दोन तारांची अदलाबदल पुरते, एकही एलयूटी खर्च होत नाही. निषिद्ध ११ साठी टेस्टबेंचमध्ये तपासणी लिहा. सिंथेसिससाठी ते ‘काहीही चालेल’ असे सोडले तर लॉजिक लहान होते, पण मग बाहेरून येणारा प्रत्येक ट्रिट दारातच तपासून घ्यावा लागतो.

खर्च मोजणे सोपे आहे. दोन ट्रिटांची कोणतीही क्रिया म्हणजे चार बिट आत, दोन बाहेर: चार इनपुटच्या चिपवर दोन एलयूटी. आर्टिक्स-७ सारख्या चिपवर सहा इनपुटची एलयूटी दोन भागांत वापरता येते, तिथे एकच. पूर्ण बेरजेत तीन ट्रिट आत येतात: सहा इनपुटच्या चार एलयूटींत ती बसते. चार इनपुटच्या चिपवर दोन अर्ध्या बेरजा करा, प्रत्येकी चार एलयूटी, आणि दोन हातच्यांना जोडायला दोन, एकूण दहा.

उदाहरण करून पाहा: ५ म्हणजे ‘अधिक वजा वजा’, कारण ९ वजा ३ वजा १. ८ म्हणजे ‘अधिक शून्य वजा’. एककाला वजा १ आणि वजा १ मिळून वजा २: खाली अधिक १ लिहा, हातचा वजा १. पुढे वजा १, शून्य आणि हातचा वजा १ मिळून पुन्हा वजा २: खाली अधिक १, हातचा वजा १. शेवटी १ अधिक १ वजा १ म्हणजे १. उत्तर ‘अधिक अधिक अधिक’, ९ अधिक ३ अधिक १, तेरा.

एका ट्रिटच्या बेरजेच्या सगळ्या २७ जोडण्या तपासा. मग चार ट्रिटचा बेरीजकर्ता करा, वजा ४० ते अधिक ४०, आणि सगळ्या ६५६१ बेरजा पूर्णांकाशी ताडून पाहा. सिम्युलेटरला हे क्षणाचे काम आहे.

वेगाची अपेक्षा मात्र माफक ठेवा. २० ट्रिटांत ३२ बिटांहून थोडी कमी मूल्ये मावतात (३ चा २० वा घात ३४८ कोटींच्या वर, २ चा ३२ वा घात ४२९ कोटींच्या वर), पण त्यांना २०० एलयूटी लागतात. ३२ बिटांच्या साध्या बेरजेला बिटामागे एक घटक पुरतो, आणि तिला हातच्यासाठी चिपमध्ये राखीव वेगवान साखळी मिळते. आपला हातचा साध्या रूटिंगमधून दर ट्रिटला दोन एलयूटी ओलांडत जातो. टायमिंग अहवाल नापास झाला तर मध्ये, दहाव्या ट्रिटनंतर, रजिस्टर टाका. त्रयी पद्धत शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी एफपीजीए उत्तम आहे. बेरीज जलद व्हावी म्हणून ती निवडू नका. मेमरीत ठेवताना पाच ट्रिट एका बाइटमध्ये भरा: २४३ मूल्ये, २५६ जागा.

पायरी ६: एका तारेवर तीन पातळ्या

ट्रिट बोर्डाबाहेर एकाच तारेवर न्यायचा असेल तर पिनेच्या तीन अवस्था वापरा: हाय, लो आणि सोडलेली. पिनेवर १० किलोओहम ३.३ व्होल्टकडे आणि १० किलोओहम ग्राउंडकडे लावा, सोडलेली पिन मग १.६५ व्होल्टवर बसते. इथे दुतर्फा बफर नको, फक्त आउटपुटचा ट्रायस्टेट बफर घ्या. मधल्या पातळीवर राहिलेला इनपुट बफर नाहक प्रवाह खातो आणि कंप पावू शकतो. कन्स्ट्रेंट फाइलमध्ये (पिनांची मांडणी सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्या पिनेचा पुल मोड स्पष्टपणे ‘नाही’ लिहा. आतला पुलअप किंवा कीपर (शेवटचे मूल्य धरून ठेवणारा) चालू राहिला तर मधली पातळी सरकते.

वाचण्यासाठी एलएम३९३. त्याला ५ व्होल्ट द्या, कारण ३.३ वर त्याची इनपुट मर्यादा वरच्या उंबरठ्याला पुरत नाही. आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त खाली ओढणारे) आहेत, त्यांना ४.७ किलोओहमने ३.३ व्होल्टकडे बांधा, ५ कडे नव्हे. उंबरठ्यांसाठी ३.३ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत १०, २० आणि १० किलोओहमची साखळी (२० साठी दहाचे दोन सलग): ०.८२५ आणि २.४७५ व्होल्ट मिळतात. ‘वरच्याच्या वर’ हा अधिकचा बिट, ‘खालच्याच्या खाली’ हा वजाचा. पायरी ५ मधली मांडणी आयतीच तयार होते. लो वरून हाय वर जाताना तार मधल्या पातळीतून जाते, शिवाय एलएम३९३ ला स्वतःचा मायक्रोसेकंदाच्या घरातला उशीर आहे. म्हणून दोन्ही बिट एकत्र निदान ३ मायक्रोसेकंद, म्हणजे ८१ ठोके, स्थिर राहिले तरच नवा ट्रिट माना.

कम्पॅरेटरशिवाय फक्त जम्पर वाचायचा असेल, म्हणजे ग्राउंडला जोडलेला, ३.३ ला जोडलेला की मोकळा, तर दोन पिना पुरतात. एक पिन थेट जम्परवर वाचायला, दुसरी त्याच बिंदूवर १० किलोओहममधून. दुसरीवर १ द्या, २ मायक्रोसेकंद थांबा, पहिली वाचा. मग ० द्या, थांबा, वाचा. दोन्ही वेळा ० आले तर ग्राउंड, दोन्ही वेळा १ आले तर ३.३, आणि वाचन दिलेल्या मूल्यामागे गेले तर मोकळा. आधी ० आणि नंतर १, असे उलटे आले तर वायरिंग चुकली आहे किंवा थांबण्याचा वेळ कमी पडतो आहे. लांब केबल असेल तर २ ऐवजी १० मायक्रोसेकंद द्या.